खोक्यावरचं रेटिंग

गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळी सकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, मी अठराशे झालो!"

वय वर्षं दहा. तेव्हा अठराशे म्हणजे नेमकं काय हे कळायला मला जरा वेळच लागला. वाढदिवसाला जमलेले पैसे? गल्ली क्रिकेटमधल्या धावा? मग उलगडा झाला. घरच्या गेम कन्सोलवर हे साहेब बुद्धिबळ खेळतात आणि त्या गेमने त्यांना १८०० रेटिंग बहाल केलंय. पाठोपाठ खरी मागणी आली. "पुढच्या महिन्यात रेटिंग टूर्नामेंट आहे. आई म्हणते मामाला विचार, तो कम्प्युटरवाला आहे."

मला पटकन हो म्हणवेना, कारण हा सिनेमा मी आधी पाहिलेला आहे. त्यात हिरो मीच होतो.

२००८ साली मी अकरा वर्षांचा होतो. अमेरिकेतून आलेल्या मावसभावाने एक हॅण्डहेल्ड कन्सोल आणला होता आणि त्यात बुद्धिबळाचा एक गेम होता (नाव राहू दे). उन्हाळ्याची अख्खी सुट्टी मी त्यावर काढली. सुट्टी संपेपर्यंत त्या गेमच्या हिशेबाने मी १८१० झालो होतो. मग पुण्यातल्या एका स्पर्धेत नाव घातलं. पहिल्या फेरीत समोर एक आठ वर्षांची मुलगी. खुर्चीवर बसली की पाय जमिनीला टेकत नव्हते तिचे. यादीत तिच्या नावापुढे रेटिंगच्या रकान्यात शून्य. बावीस चालींत माझा निकाल लागला. दुसऱ्या फेरीत तेच, तिसऱ्या फेरीत तेच. चौथ्या फेरीला माझ्या पोटात दुखायला लागलं आणि बाबांच्या स्कूटरवरून आम्ही घरी परत आलो. हरल्याचं एक वेळ चाललं असतं, पण शाळेत सगळ्यांना अठराशे-अठराशे सांगून ठेवलं होतं त्याचं काय? पुढची सहा वर्षं मी पटाला हात लावला नाही.

तर प्रश्न असा की कन्सोल हा आकडा आणतो कुठून? आणि कन्सोलवरचा गेम स्वतः किती ताकदीचा आहे हे कोणी, कधी, कसं मोजलं? वरवर फालतू वाटणारा हा प्रश्न गेल्या ४५ वर्षांत अनेकांनी गंभीरपणे घेतलाय. त्याचीच ही गोष्ट.

आधी त्या आकड्याबद्दल थोडंसं. रेटिंग हा शब्द आपण आयटीवाले दरवर्षी अप्रेझलच्या वेळी वेगळ्या कारणासाठी ऐकतो. बुद्धिबळातलं रेटिंग त्यापेक्षा बरंच प्रामाणिक आहे (बेल कर्व्ह दोन्हीकडे आहे, हा भाग वेगळा). हंगेरीत जन्मलेले आणि अमेरिकेत मिलवॉकीला भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक आर्पाड एलो यांनी ही पद्धत बसवली. अमेरिकन बुद्धिबळ महासंघाने ती १९६० मध्ये आणि जागतिक संघटनेने, म्हणजे फिडेने, १९७० मध्ये स्वीकारली. कल्पना अगदी साधी आहे. दोघांचं रेटिंग सारखं असेल तर १०० डावांत दोघांना ५०-५० गुण मिळायला हवेत. एकाचं २०० ने जास्त असेल तर त्याला साधारण ७६. फरक ४०० चा असेल तर साधारण ९१.

आता यातली मेख बघा. सगळं गणित फरकाचं आहे. उद्या जगातल्या प्रत्येक खेळाडूच्या रेटिंगमध्ये ५०० मिळवले तरी कुठल्याही डावाच्या अंदाजात तसूभरही बदल होणार नाही. म्हणजे १८०० हा आकडा एकटा उभा असेल तर त्याला काहीच अर्थ नाही. कोणाच्या तुलनेत १८००, हे आधी सांगावं लागतं. फिडेने १ मार्च २०२४ ला २००० च्या खालच्या सगळ्यांचं रेटिंग एका फटक्यात वाढवलं, तेव्हा १००० वाला रात्रीत १४०० झाला. त्याचा खेळ होता तिथेच होता. फूटपट्टी सरकली. एलोंनाही याची पूर्ण कल्पना होती. पाण्यात वरखाली होणारं बूच आणि ते मोजायला वाऱ्यावर हलणाऱ्या दोरीला बांधलेली पट्टी, अशी काहीशी उपमा त्यांनी स्वतःच आपल्या पद्धतीला दिली होती.

हे डोक्यात ठेवा. कन्सोलची सगळी भानगड इथूनच सुरू होते.

१९७९ मध्ये अटारीने आपल्या कन्सोलसाठी (ज्याला नंतर अटारी २६०० म्हणू लागले) 'व्हिडिओ चेस' नावाची कार्ट्रिज काढली. असं सांगतात की कन्सोलच्या खोक्यावर बुद्धिबळाच्या सोंगटीचं चित्र होतं, ते बघून एका गिऱ्हाइकाने 'मग गेम कुठेय?' म्हणून कंपनीला कोर्टात खेचलं आणि मग हा गेम करायचं ठरलं. खरं-खोटं अटारीवाले जाणोत. काम मात्र भयंकर अवघड होतं. लॅरी वॅगनर आणि बॉब व्हाइटहेड या दोघांनी ते केलं.

अवघड म्हणजे किती? प्रोसेसर १.१९ मेगाहर्ट्झचा. कार्ट्रिजमध्ये ४ किलोबाइट. आणि रॅम १२८ बाइट. किलो नाही, मेगा नाही, नुसते बाइट! पटाची घरं ६४. प्रत्येक घराला एक बाइट दिला की अर्धी रॅम तिथेच संपली. उरलेल्या अर्ध्यात चाली शोधायच्या, त्यांची किंमत ठरवायची, आपण कुठवर आलो ते लक्षात ठेवायचं. आज आपल्या टीममध्ये कोणी एका लॉग मेसेजमध्ये याहून जास्त बाइट उधळतं आणि कोड रिव्ह्यूला कोणी हूं की चूं करत नाही.

त्यात आणखी एक गंमत होती. या कन्सोलला पडद्याचं चित्र साठवून ठेवायला मेमरीच नव्हती. टीव्हीवरची प्रत्येक रेघ प्रोसेसरला त्या त्या क्षणी स्वतः तयार करून द्यावी लागे. एका ओळीत आठ सोंगट्या दाखवणं या हार्डवेअरला झेपण्यासारखं नव्हतं, म्हणून व्हाइटहेडने एक रेघ सोडून एक रेघ अशा आळीपाळीने सोंगट्या काढल्या. त्यामुळे सोंगट्या खिडकीच्या पट्ट्यांच्या पडद्यातून बघितल्यासारख्या दिसतात. आणि प्रोसेसर एक तर चित्र काढू शकतो, नाही तर विचार करू शकतो. म्हणून तुमची चाल झाली की पट गायब! पडद्यावर नुसते रंग बदलत राहतात. मशीन विचारात पडलंय हे इतकं प्रामाणिकपणे सांगणारा दुसरा गेम मी पाहिलेला नाही.

मग या अटारीचं रेटिंग किती? इथे पहिला अडथळा येतो. गेममध्ये आठ पातळ्या आहेत. आठवी सर्वात सोपी (का ते विचारू नका), तिच्यावर एका चालीला सुमारे १० सेकंद. सातव्या पातळीवर एका चालीला तब्बल १० तास. दोन्हींत ३६०० पटींचा फरक. कार्ट्रिज तीच, प्रोसेसर तोच, कोड तोच, पण आठव्या पातळीवरची अटारी आणि सातव्या पातळीवरची अटारी हे दोन वेगळे खेळाडू आहेत. म्हणजे अटारीचं रेटिंग किती हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठल्या पातळीवर, चालीला किती वेळ, हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

वेळेचा आणि ताकदीचा संबंध नेमका कसा, हे याच सुमाराला बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन मोजत होता. हो, युनिक्सवाला थॉम्पसन तोच. त्याचं 'बेल' नावाचं बुद्धिबळाचं यंत्र १९८३ मध्ये अमेरिकेत मास्टर दर्जा मिळवणारं पहिलं यंत्र ठरलं. थॉम्पसनने बेललाच बेलशी खेळवलं. एक बाजू अमुक चाली पुढचं बघणार, दुसरी त्याहून एक चाल जास्त. एका बाजूच्या एका चालीला प्लाय म्हणतात. त्या प्रयोगात एक प्लाय जास्त बघण्याची किंमत साधारण २०० गुणांच्या वरच निघाली. खोली वाढत जाते तसा हा फायदा कमी होतो आणि स्वतःशीच खेळताना तो जरा फुगलेला दिसतो, पण अंदाज बांधायला एवढं पुरे. एक प्लाय खोल जायला चांगल्या प्रोग्रॅमला साधारण सहापट काम करावं लागतं. म्हणजे प्रोसेसरचा वेग दुप्पट केला तर जेमतेम ०.४ प्लाय, आणि रेटिंगमध्ये साधारण ७०-८० गुण पदरात पडतात. दुप्पट पैसे मोजून एवढंच!

हे गणित कन्सोल बनवणाऱ्यांनाही नीट कळलं असावं, कारण काहींनी सरळ मेंदू बाहेरून आणला. फिलिप्सने आपल्या व्हिडिओपॅक कन्सोलसाठी बुद्धिबळाचं एक वेगळं मॉड्यूल काढलं. मूळ कन्सोलला बुद्धिबळ झेपण्यासारखं नव्हतं, म्हणून या खोक्यात स्वतंत्र प्रोसेसर आणि स्वतंत्र मेमरी. विचार सगळा खोक्याने करायचा, कन्सोलने फक्त पट दाखवायचा. आपल्या भाषेत सांगायचं तर कन्सोल नुसता फ्रंटएंड. आता याची ताकद मोजली तर ती कन्सोलची म्हणायची की खोक्याची?

जपानमध्ये याची पुढची पायरी दिसते. तिथे बुद्धिबळाऐवजी शोगी चालतं, आणि शोगीत रेटिंगच्या जोडीला कराटेसारख्या 'दान' पायऱ्या असतात. सुपर फॅमिकॉम या कन्सोलवर एक गेम मालिका होती, 'हायाझाशी निदान मोरिता शोगी'. हायाझाशी म्हणजे झटपट खेळ आणि निदान म्हणजे दुसरी दान पायरी (आपलं 'निदान' नव्हे!). म्हणजे गेमची ताकद थेट गेमच्या नावातच छापलेली. यातल्या दुसऱ्या भागाच्या कार्ट्रिजमध्ये १९९५ साली ३२ बिटचा एआरएम प्रोसेसर बसवला होता. ज्या घराण्यातले प्रोसेसर आज आपल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आहेत, त्यातलाच एक तेव्हा शोगी खेळण्यासाठी कार्ट्रिजमध्ये शिरला होता. अमेरिकेत मॅटेलने इंटेलिव्हिजन कन्सोलवर जो गेम आणला त्याचं नाव 'यूएससीएफ चेस', म्हणजे थेट बुद्धिबळ महासंघाचंच नाव शीर्षकात. गिऱ्हाइकाला खात्री हवी असते आणि विकणाऱ्याला ती खोक्यावर छापायची असते. दान काय, महासंघ काय आणि माझे १८१० काय, गरज एकच.

मग खरं मोजमाप कोणी केलंच नाही का? केलं, पण ते कन्सोलचं नव्हे. त्या काळात बुद्धिबळ खेळणारी वेगळी यंत्रं मिळायची. लाकडी किंवा प्लास्टिकचा पट, खाली चिप. त्यांच्या जाहिरातींमधले रेटिंगचे आकडे इतके सुटले की अमेरिकन महासंघाने यंत्रांना अधिकृत रेटिंग देण्याची वेगळी सोय केली. यंत्राने रेटिंग असलेल्या माणसांशी ठरावीक डाव खेळायचे आणि त्यातून आकडा काढायचा.

पण माझे खरे हिरो स्वीडनचे. तिथल्या काही हौशी लोकांच्या संघटनेने (तिचं लघुरूप एसएसडीएफ) १९८४ पासून बुद्धिबळ यंत्रांची यादी छापायला सुरुवात केली. पद्धत काय, तर घरी टेबलावर दोन यंत्रं ठेवायची. एकाने चाल केली की ती आपल्या हाताने दुसऱ्यावर करायची, मग त्याच्या उत्तराची वाट बघायची. वेळ स्पर्धेचाच, ४० चालींना २ तास. एक डाव सहज चार-पाच तास. आणि हे सगळं फुकट, आपापल्या नोकऱ्या सांभाळून!

त्यांच्यापुढे तोच एलोंचा प्रश्न होता. यंत्रं आपसांत खेळली की त्यांच्यातला फरक कळतो, पण तो माणसांच्या मापाला जोडायचा कसा? त्यासाठी त्यांनी १९८७ ते १९९१ या काळात यंत्रं आणि स्वीडनचे स्पर्धा खेळणारे खेळाडू यांच्यात झालेले ३३७ डाव आधाराला घेतले. तो त्यांचा खुंटा. तरीही काही वर्षांनी लक्षात आलं की माणसांच्या तुलनेत यादी फुगली आहे, तेव्हा २००० साली त्यांनी अख्खी यादी १०० गुणांनी खाली ओढली. आपलाच आकडा चुकला असं मान्य करून दुरुस्त करणारे लोक मला फार आवडतात. हापिसात असे कमी भेटतात.

आता एवढं सगळं कन्सोलच्या वाट्याला का आलं नाही? चिपमध्ये फार फरक नव्हता. अटारी २६०० चा प्रोसेसर ६५०२ या चिपची काटछाट केलेली आवृत्ती. निन्टेंडोच्या एनईएसचा प्रोसेसरही त्याच घराण्यातला. आणि फिडेलिटी, नोव्हॅग या कंपन्यांची त्या काळातली अनेक बुद्धिबळ यंत्रंही ६५०२ वरच चालायची. एकाच घरातली भावंडं. पण एकाला स्पर्धेला पाठवलं आणि एकाला टीव्हीसमोर बसवलं. कन्सोल घेणाऱ्याला गेम लहान मुलांसाठी हवा होता, त्याचं रेटिंग किती हे विचारणारा गिऱ्हाईक बहुधा यंत्राच्या दुकानात जायचा.

९०च्या दशकाच्या सुरुवातीला चेसमास्टर हा पीसीवरचा नावाजलेला गेम एनईएस, गेम बॉय आणि सुपर निन्टेंडोवर आला. खोक्यावर तेच नाव, तोच पांढऱ्या दाढीचा म्हातारा. पण एनईएसचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा आणि रॅम २ किलोबाइट. त्या वेळच्या बऱ्यापैकी पीसीचा वेग त्याच्या दसपट-वीसपट. नाव एक आणि खेळाडू चार. पीसीवरच्या चेसमास्टरचं कौतुक वाचून कोणी गेम बॉयवाला घेतला असेल तर त्याने त्या आकड्यावर जाऊ नये, एवढंच.

समजा आज तुम्हाला एखाद्या जुन्या कन्सोलचं रेटिंग काढायचंच आहे. (विकेंडला माणसं याहून वाईट गोष्टी करतात.) तर खाचखळगे कुठे आहेत ते सांगतो.

पहिला खळगा डावांच्या संख्येचा. दहा डाव खेळवले आणि ५-५ झाले, तर दोघं सारखे आहेत असं वाटतं. पण दहा डावांच्या निकालात साधारण २०० गुण इकडेतिकडेची शक्यता लपलेली असते. १०० डाव खेळवले तर ती ६०-७० वर येते. चूक निम्मी करायची तर डाव चौपट करावे लागतात, त्यात काही शॉर्टकट नाही. १०० डाव, प्रत्येकी पाच तास, म्हणजे ५०० तास. रोज ऑफिसमधून आल्यावर दोन तास दिले तरी २५० दिवस. बायको काय म्हणेल ते वेगळंच.

दुसरा खळगा जास्त फसवा. ज्या प्रोग्रॅममध्ये सुरुवातीच्या चालींचा साठा नाही आणि फासे टाकायची सोयही नाही, तो त्याच स्थितीत पुन्हा तीच चाल खेळतो. अशी दोन यंत्रं समोरासमोर ठेवली तर तोच डाव दहादा होईल. कागदावर दहा निकाल, प्रत्यक्षात एकच. म्हणून प्रत्येक डावाची सुरुवात वेगळी करून द्यावी लागते.

तिसरा मार्ग म्हणजे डाव न खेळवता परीक्षा घेणं. इव्हान ब्रॅट्को आणि डॅनी कोपेक यांनी १९८२ मध्ये २४ स्थितींचा एक पेपर काढला. प्रत्येक स्थितीला दोन मिनिटं, किती बरोबर आल्या त्यावरून ताकदीचा अंदाज. ज्या कन्सोलवर पट आपल्याला हवा तसा मांडता येतो तिथे हा एका संध्याकाळचा खेळ. पण पेपर एकदा फुटला की संपलं. पुढच्या प्रोग्रॅमरांना ते २४ प्रश्न पाठ! आपल्याकडे क्लासेस वेगळं काय करतात?

आता एम्युलेटरमुळे हे सगळं खूप सोपं झालंय. अटारीसाठी स्टेला नावाचा फुकट एम्युलेटर आहे. त्यात मशीन शंभरपट वेगाने पळवता आलं तर १० तासांची चाल ६ मिनिटांत होते. खेळ मात्र तोच राहतो, कारण अटारीच्या आतलं घड्याळही तेवढ्याच वेगाने पळतं.

पुढे काय झालं? पुढे गंमत अशी झाली की प्रश्नच उलटा झाला. २००८ च्या जानेवारीत युरोपमध्ये 'वी चेस' आला. निन्टेंडो वीचा ७२९ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि त्यावर जर्मनीच्या फ्रिट्झ रॉयलचं लूप हे इंजिन, जे पीसीवरच्या चांगल्या इंजिनांमध्ये मोडायचं. घरी हातवारे करत टेनिस खेळणाऱ्या मंडळींसाठी एवढी ताकद! पुढच्याच वर्षी, २००९ च्या ऑगस्टमध्ये, ब्युनोस आयर्सच्या एका स्पर्धेत खिशातल्या मोबाइलवरच्या पॉकेट फ्रिट्झ ४ ने १० पैकी ९.५ गुण मिळवले. त्याची कामगिरी २८९८ रेटिंगची निघाली. १९९७ मध्ये कास्पारोव्हला हरवणारा डीप ब्लू सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती बघायचा. हा मोबाइल २० हजारांपेक्षाही कमी. हार्डवेअरची बारा वर्षांची प्रगती बाजूला ठेवा, इथे फरक पाडला तो सॉफ्टवेअरने. सॉफ्टवेअरवाला म्हणून ही ओळ लिहिताना मला जरा बरं वाटतंय :)

म्हणजे २००८ च्या पुढे 'कन्सोल किती चांगला खेळतो' हे विचारण्यात अर्थ उरला नाही. नवा प्रश्न असा, की अकरा वर्षांच्या पोराशी हा राक्षस खेळणार कसा? आणि इथे माझे १८१० येतात.

ताकद कमी करायचे ठरलेले मार्ग आहेत. खोली कमी करा, चालींच्या किमतीत थोडी गडबड मिसळा, किंवा मधूनच मुद्दाम घोडचूक करायला लावा. तिसरा मार्ग सर्वात सोपा आणि सर्वात वाईट. असा प्रोग्रॅम वीस चाली ग्रँडमास्टरसारखा खेळतो आणि एकविसाव्या चालीला वजीर ताटात वाढून देतो. खरा १२०० वाला माणूस असा चुकत नाही. तो घाबरतो, घाई करतो, आवडत्या हल्ल्याच्या नादात मागचा उंट विसरतो. माझ्या गेममध्ये मी नकळत एकच कौशल्य शिकलो होतो, ते म्हणजे दम धरून बसायचं, भेट येतेच. त्यात चाल मागे घ्यायची सोय, आणि मागे घेतली तरी रेटिंग कमी व्हायचं नाही. त्या गेममधल्या प्रतिस्पर्ध्यांना मुळात आकडे कोणीतरी टेबलाशी बसून दिलेले, आणि त्यांना हरवून माझा आकडा तयार झालेला. स्वीडनवाल्यांनी ३३७ डावांचा खुंटा ठोकला होता. माझ्या दोरीला खुंटाच नव्हता. आणि त्या आठ वर्षांच्या मुलीने तर मला एकही भेट दिली नाही.

२०२५ च्या जूनमध्ये एक बातमी सगळीकडे फिरली, तुमच्याही ग्रुपवर आली असेल. अमेरिकेतल्या एका इंजिनियरने चॅटजीपीटीला एम्युलेटरवरच्या अटारी २६०० शी, सोप्या पातळीवर खेळायला बसवलं आणि चॅटजीपीटीची पार दाणादाण उडाली. कुठली सोंगटी कुठे आहे हेच ते विसरत होतं. आमच्या ऑफिसात दोन दिवस हशा. मला मात्र त्या १२८ बाइटांचं अप्रूप वाटलं. पट लक्षात ठेवायचा एवढं एक काम त्यांना दिलं होतं, ते ४६ वर्षांनीही चोख. पण त्यावरून अटारीचं रेटिंग ठरवायला जाऊ नका. एक डाव, आणि समोरच्याचं रेटिंग कोणालाच माहीत नाही.

असो. भाच्याकडे येऊ.

मी कॉलेजात पुन्हा खेळायला लागलो आणि आज माझं फिडे रेटिंग १५८२ आहे (२०२४ च्या दुरुस्तीत फुकट मिळालेले गुण धरून, खोटं कशाला बोला). म्हणजे घरात एक खुंटा आहे. दोन विकेंड मी ताईकडे मुक्काम ठोकला आणि आम्ही दहा डाव खेळलो. खरा पट, घड्याळ, चाल मागे नाही, प्रत्येक चाल वहीत लिहायची. निकाल: त्याचा एक विजय, एक बरोबरी, आठ पराभव. दहापैकी दीड. एलोंच्या सूत्रात घातलं तर माझ्याहून साधारण ३०० ने खाली, म्हणजे १२८० च्या आसपास. दहाच डाव, म्हणून अडीचशे-तीनशे इकडेतिकडे.

हे सगळं मी त्याला कागदावर मांडून दाखवलं. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "म्हणजे कन्सोल खोटं बोलतो?"

"खोटं नाही रे. तो त्याच्या घरापुरतं खरं बोलतो. बाहेर त्याचं नाणं चालत नाही."

"मग टूर्नामेंट?"

"खेळायची. फक्त शाळेत कोणाला आकडा सांगू नकोस. आणि चौथ्या फेरीला पोटात दुखलं तरी बसायचं."

फी मी भरली आहे. त्या रात्री बक्षीस म्हणून लॅपटॉपवर अटारी लावून दिली. पट्टेरी सोंगट्या बघून तो आधी हसला, मग आठव्या पातळीवर तिला हरवून दाखवलं. लगेच म्हणाला सातवी लाव. वेग वाढवू का विचारलं तर नको म्हणाला, खऱ्या वेळेतच हवं. एक चाल केली, पट गायब झाला, रंग सुरू झाले आणि साहेब झोपायला गेले.

सकाळी उठून दात न घासता आधी लॅपटॉपपाशी. अटारी अजून विचारच करत होती.